भात खालून करपतो

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे फील्डवर्क रिपोर्ट मी बरीच वर्षं तपासते आहे. ऑगस्टमधला रिपोर्ट साधारण असा असतो: वस्तीत शिरताना डाव्या हाताला सार्वजनिक नळ आहे, तिथे पाण्यावरून भांडण चाललं होतं, एका आजींनी मला बसायला पाट दिला, बिनदुधाचा चहा दिला, त्यांची नात सहावीत होती, आता शाळेत जात नाही, का ते विचारलं तर आजी गप्प झाल्या. अशी सहा-सात पानं. फेब्रुवारीत त्याच मुलीचा रिपोर्ट येतो: 'गृहभेट दिली. कुटुंब घरी होते. समुपदेशन केले. पुढील भेट पुढील आठवड्यात.' आजी गेल्या, नात गेली, पाट गेला. उरलं ते फक्त 'कुटुंब'.

सुरुवातीची काही वर्षं मी याला आळस समजत होते. परीक्षा जवळ आल्यात, मुलं कंटाळलीत, असं म्हणून 'सविस्तर लिहा' असा लाल शेरा मारून वही परत द्यायची. एका वर्षी एकाच एजन्सीत, म्हणजे फील्डवर्कसाठी दिलेल्या संस्थेत, काम करणाऱ्या चारही मुलांचे रिपोर्ट एकदम असे आटले, तेव्हा मला शंका आली. चौघांनाही एकाच महिन्यात आळस कसा येईल? त्यानंतर मी बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून करपून जाणं, या विषयावरचं वाचायला लागले. जे समजलं ते इथे सोपं करून सांगते आहे, कारण ज्यांना याची गरज आहे त्यांच्याकडे इंग्रजी शोधनिबंध वाचायला ना वेळ असतो ना ताकद.

शीण वेगळा, बर्नआउट वेगळा

दमण्यासाठी मराठीत कितीतरी शब्द आहेत. थकवा, शीण, वैताग, कंटाळा. शीण झोपेने जातो. वैताग दोन दिवस गावी जाऊन आलं की उतरतो. बर्नआउट मात्र सुट्टीहून परतल्यावर सोमवारी सकाळी बसस्टॉपवर उभं राहिलं की पुन्हा छातीवर येऊन बसतो. मला त्यासाठी सगळ्यात जवळचा शब्द 'करपणं' वाटतो. भात करपतो तो तळाशी. वरची शितं पांढरीशुभ्र असतात, वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आणि भात करपला म्हणून तांदळाला कुणी दोष देत नाही. पाणी कमी पडलेलं असतं, आच मोठी राहिलेली असते.

'बर्नआउट' हा शब्द कामाच्या संदर्भात रुजवला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञाने. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी ते एका मोफत दवाखान्यात काम करायचे. व्यसनात अडकलेली, घर सुटलेली तरुण मुलं तिथे येत. दवाखाना बराचसा स्वयंसेवकांवर चालायचा. हे स्वयंसेवक मोठ्या उमेदीने येत, आणि काही काळाने तेच चिडचिडे, संशयी, रुक्ष होत. फ्रॉइडेनबर्गर यांची स्वतःचीही तीच गत झाली. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. बर्नआउट म्हटलं की आज डोळ्यांसमोर आयटी कंपनी येते, पण तो पहिल्यांदा टिपला गेला तो सेवाभावी माणसांमध्ये. त्यांना कुणी जबरदस्तीने आणलेलं नव्हतं, आणि काम बिनमोलाचं आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. त्यांना ते फार मोलाचं वाटत होतं.

पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांनी बर्नआउटचे तीन पदर सांगितले. पहिला भावनिक थकवा: देण्यासारखं आत काही उरलेलं नाही ही भावना. तिसरा आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. मधल्या पदराकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. समोरचा माणूस माणूस म्हणून दिसेनासा होणं. एजन्सीत बोलताना आपण सहज म्हणतो, 'ती डीव्ही केस आली का?', 'पॉक्सोवाली आज येणार आहे.' डीव्ही म्हणजे घरगुती हिंसा, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. घाईत असं बोललं जातं, तेवढ्यावरून कुणाला कठोर ठरवू नये. पण जेव्हा मनातही त्या बाईचं नाव उरत नाही, तिच्या रडण्याने आत काही हलत नाही आणि उलट 'आता ही अर्धा तास घेणार' असं वाटतं, तेव्हा तळाला लागायला सुरुवात झालेली असते. माझ्या विद्यार्थिनीच्या रिपोर्टातून आजी गेल्या आणि 'कुटुंब' आलं, ते हेच.

हा निबरपणा स्वभावातला नसतो. मनाने स्वतःला वाचवायला लावलेलं ते दार असतं. अडचण अशी की ते दार बंद झालं की दुःख आत येत नाही, तसं समाधानही येत नाही. आजीने हातावर ठेवलेल्या गुळाच्या खड्याचा आनंदही त्याच दारातून येणार असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. ती करताना संघटनेने स्पष्ट म्हटलं की हा आजार नाही, कामाच्या जागेशी जोडलेली ती स्थिती आहे. दीर्घकाळच्या ताणाचं नीट व्यवस्थापन न झाल्याने ती उद्भवते. मला ही व्याख्या महत्त्वाची वाटते, कारण ती आपली नजर माणसाकडून त्याच्या कामाकडे वळवते.

दुसऱ्याचं दुःख अंगात भिनणं

समाजकार्यात याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी येतात. त्या बर्नआउटसारख्या दिसतात, पण त्यांचा उगम वेगळा आहे.

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यभर उभे राहिले. तिथल्या समाजकार्यकर्तीचा दिवस म्हणजे एकामागून एक मारहाणीच्या हकिकती ऐकणं. कुणाचा हात मोडलाय, कुणाला रात्री मुलांसकट घराबाहेर काढलंय. हे ऐकता ऐकता ऐकणाऱ्याच्याही मनावर घाव पडतात. रात्री तेच स्वप्नात येतं, रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी पुरुषाची भीती वाटते, नवऱ्याने जरा आवाज चढवला तरी अंगावर काटा येतो. काम फार नसलं तरी हे होऊ शकतं. एकाच हकिकतीनेही होऊ शकतं. याला दुय्यम आघात म्हणतात. बर्नआउट हळूहळू साचतो, हा अचानकही येतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत याचा एक फार हळवा कोपरा आहे आणि वर्गात त्यावर क्वचितच बोललं जातं. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, येणारी कितीतरी मुलं पहिल्या पिढीतली शिकणारी असतात. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराचा मुलगा, वडिलांच्या दारूत लहानपण गेलेली मुलगी. त्यांच्यासाठी वस्ती हे 'फील्ड' नसतं, तिथे त्यांना घरच दिसतं. व्यसनमुक्ती केंद्रात एखाद्या बाईशी बोलताना समोर आपलीच आई बसली आहे असं वाटायला लागलं, तर त्या मुलीने करायचं काय? ही मुलं कामाला इतरांपेक्षा लवकर भिडतात, लोक त्यांच्याशी मोकळं बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्याची किंमतही तीच मोजतात. बाजूला शिष्यवृत्ती वेळेवर न येणं, मेसचं बिल, लोकलचा दीड तास हे सगळं असतंच. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, उरलेले दिवस लेक्चर, रात्री रिपोर्ट. विद्यार्थ्यांचा बर्नआउट मोजायला वेगळी प्रश्नावली आहे, कारण शिकणं हेही कामच आहे. समाजकार्याचा विद्यार्थी दोन्ही कामं एकाच वेळी करत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काय करायला हवं ते कळत असून करता न येणं. बीडमधली एक गोष्ट घ्या, तिथे काम करणारे हे चांगलं ओळखतात. ऊसतोडीला जाताना वयात येणारी मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचं लग्न उरकलं जातं. कार्यकर्तीला कळतं. ती ग्रामसेवकाला सांगते, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करते, पोलीस येतात, मांडव उतरतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने जे करायचं ते तिने सगळं केलेलं असतं. आणि तीन आठवड्यांनी कळतं की लग्न दुसऱ्या गावात, एका मंदिरात, पहाटे लागलं. आता ती मुलगी कारखान्यावरच्या कोपीत, ऊसतोड मजुरांच्या झोपडीत आहे. गावातले लोक कार्यकर्तीशी बोलत नाहीत. आणि प्रोजेक्टच्या तक्त्यात 'रोखलेले बालविवाह: १' अशी नोंद झालेली आहे.

ती एक नोंद तिला झोपू देत नाही. याला थकवा म्हणत नाहीत. याला नैतिक घुसमट म्हणावं. ध्यानधारणेच्या कार्यशाळेने ती जात नाही, कारण कार्यकर्तीला जे दिसतंय ते खरंच आहे.

जीव रमणं

आता दुसरी बाजू. संशोधकांच्या लक्षात आलं की बर्नआउट नाही म्हणजे माणूस कामात रमला आहे असं होत नाही. पाट्या टाकणाऱ्या माणसालाही बर्नआउट नसतो. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातले विल्मार शाउफेली आणि त्यांचे सहकारी यांनी हे 'रमणं' मोजायची १७ प्रश्नांची पट्टी तयार केली. त्यांनीही तीन पदर धरले आणि मराठीत त्या तिन्हींसाठी आपले साधे शब्द आहेत: उमेद, जीव लावणं आणि भान हरपणं. सकाळी उठून कामाला जावंसं वाटतं का? हे काम आपलं वाटतं का? करताना वेळेचा विसर पडतो का? ऑगस्टमधल्या त्या सहा पानी रिपोर्टात हे तिन्ही होतं.

मग ते फेब्रुवारीपर्यंत कुठे गेलं?

याचं मला पटलेलं उत्तर एव्हांगेलिया डेमेरूटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं. प्रत्येक कामाच्या दोन बाजू असतात. एक, काम तुमच्याकडून काय मागतं. दोन, ते करायला तुम्हाला काय देतं. नुसत्या मागण्या वाढत गेल्या की माणूस थकतो. आणि देणं आटत गेलं की तो कामापासून मनाने सुटा होतो. देणं म्हणजे फक्त पगार असं नाही. निर्णय घ्यायची मोकळीक, वेळेला धावून येणारा सहकारी, केलेलं बरोबर की चूक हे सांगणारं कुणी, नवं शिकायची संधी, हे सगळं त्यात येतं. विशेष म्हणजे देणं भरपूर असेल तर अवघड कामानेही माणूस फुलतो.

सरकारी रुग्णालयातली वैद्यकीय समाजकार्यकर्ती घ्या. तिच्यासमोर नांदेडहून आलेलं कुटुंब आहे, मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. रेशनकार्डावर मुलाचं नाव नाही, त्यामुळे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं अडलंय. बाप म्हणतो, 'ताई, तुम्हीच काहीतरी करा.' ही मागणी जड आहे, आणि ती हलकी करता येणार नाही. आता दोन शक्यता बघा. एकीत तिच्याकडे चार ट्रस्टचे संपर्क आहेत, वॉर्डातल्या डॉक्टर तिला नावाने ओळखतात, तहसील कार्यालयात तिचं पत्र वाचलं जातं, दुपारी डबा खाताना हे सांगायला एक मैत्रीण आहे. दुसरीत ती तीन विभागांना मिळून एकटी आहे, दारावर रांग आहे, डॉक्टर 'सोशल वर्करकडे पाठवा' एवढंच म्हणतात आणि तिचं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे. दोन्हीकडे बाई तीच, मुलगा तोच. पहिलीत ती संध्याकाळी दमून पण ताठ मानेने घरी जाईल. दुसरीत ती वर्षभरात त्या बापाच्या डोळ्यांत बघणं टाळायला लागेल.

मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी बिघाडाच्या सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, हातात असलेलं नियंत्रण, मोबदला, आपलेपणाची माणसं, न्याय आणि मूल्यं. आपल्याकडे सगळी चर्चा बोज्याभोवती फिरते. माझा अनुभव असा की समाजकार्यातली माणसं बोजा पुष्कळ सोसतात. ती मोडतात ती न्याय आणि मूल्यांच्या जागी. वस्तीत 'हक्क मागा' असं शिकवायचं आणि स्वतःचं मानधन चार महिने थकलं तर 'फंडिंग यायचंय, समजून घ्या' हे ऐकून घ्यायचं. हा विरोध रोज अंगावर घेऊन वस्तीत उभं राहणं फार कठीण असतं.

त्यागाचं ओझं

महाराष्ट्रात याला एक खास पदर आहे. 'समाजसेवा' हा शब्द आपण फार आदराने उच्चारतो आणि त्या आदरातच अपेक्षा दडलेली असते की सेवा करणाऱ्याने काही मागू नये. पगाराचा विषय काढला की 'मग नोकरीच करायची होती ना' असं ऐकावं लागतं. भारतातलं समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण मुंबईतच सुरू झालं, १९३६ मध्ये, नागपाड्यात. इतका काळ लोटला तरी समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे हे घरच्यांनाही पटवून द्यावं लागतं.

आनंदवनाचं उदाहरण हमखास दिलं जातं. बाबा आणि साधनाताई आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ काम सुरू केलं, १९७३ मध्ये हेमलकसा उभं राहिलं. त्या कामासमोर मी मनापासून नतमस्तक आहे. पण त्यातून शिकायचं काय, याचा मी वेगळा विचार करते. तिथे कष्ट अपार होते, पण माणसं एकत्र राहत होती, एकत्र जेवत होती. काम कसं करायचं हे स्वतः ठरवत होती. कामाचं फळ डोळ्यांसमोर शेतात, इमारतीत, बऱ्या झालेल्या माणसांत दिसत होतं. सहापैकी नियंत्रण, आपलेपणा आणि मूल्यं या जागा तिथे भरलेल्या होत्या. आजची प्रोजेक्ट समन्वयक जिल्ह्याच्या गावी भाड्याच्या खोलीत एकटी राहते, लक्ष्य दिल्लीत ठरतं, तीन वर्षांनी प्रोजेक्ट बंद होतो आणि वस्तीला 'आता येणार नाही' हे सांगायचं कामही तिच्याच वाट्याला येतं. तिच्याकडून तेवढ्याच त्यागाची अपेक्षा करायची असेल, तर तेवढा आधारही द्यावा लागेल.

आयसीचा तास

आधार म्हणजे प्रत्यक्षात काय? माझ्या मते पहिलं नाव सुपरव्हिजनचं. समाजकार्याच्या शिक्षणात त्याची जागा आधीच आहे: आयसी, म्हणजे विद्यार्थी आणि पर्यवेक्षक यांची दर आठवड्याची समोरासमोर बैठक, आणि गटाची जीसी. आल्फ्रेड काडुशिन यांनी १९७६ मध्ये सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: कामावर देखरेख, शिकवणं आणि आधार देणं. आपल्याकडे पहिलं उरलं आहे. दुसरं अधूनमधून होतं. तिसरं जवळजवळ नाही. नोकरीला लागल्यावर तर सुपरव्हिजन म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाअखेरीला आलेली एक्सेल शीट.

त्या वर्षी मी आयसीमध्ये रिपोर्टची वही मिटून ठेवली आणि त्या मुलीला विचारलं, "आजी कशा आहेत?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, त्या दर वेळी विचारतात, तू इतक्यांदा येतेस, पण पोरीच्या शाळेचं काय झालं? माझ्याकडे उत्तर नसतं. म्हणून मी आता दारातूनच विचारून निघते."

म्हणजे तिला कंटाळा आला नव्हता. तिला लाज वाटत होती. मी लाल शेरे मारत राहिले, आणि एक साधा प्रश्न विचारला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी तिच्यासोबत त्या शाळेत गेले. दाखल्याचा घोळ होता, शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही हे मुख्याध्यापकांना माहीत होतं, पण कुणी जाऊन बसल्याशिवाय फाइल हलणार नव्हती. दोन फेऱ्यांत काम झालं. सगळी कामं अशी होत नाहीत. पण विद्यार्थिनीला एकटं पाठवायचं आणि तिच्या हातात काहीच अधिकार द्यायचा नाही, ही रचनाच चुकीची आहे हे मला तेव्हा कळलं.

आता मी आयसीची पहिली पंधरा मिनिटं वही उघडत नाही. या आठवड्यात काय डोक्यातून गेलं नाही, एवढंच विचारते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घराशी जुळणारी केस असेल तर आधी त्याला विचारते, घ्यायचीय की नको. नको म्हणायची मुभा असली की बहुतेक जण घेतात. अडलेल्या कामांची यादी जीसीत सगळ्यांसमोर मांडतो, म्हणजे काम अडणं ही एकट्याची नामुष्की राहत नाही.

स्वतःपुरतं काय करता येईल, असंही मुलं विचारतात. कामातून मनाने बाहेर पडायची एक ठरलेली खूण ठेवा: कपडे बदलणं, स्टेशनवरून चालत घरी जाणं, काहीही चालेल. काम संपल्यावर लाभार्थ्यांचे फोन कोणत्या वेळेपर्यंत घ्यायचे हे एजन्सीशी बोलून ठरवा, एकट्याने ठरवू नका, नाहीतर अपराधी वाटत राहतं. झोप, जेवण, एखादी कामाशी संबंध नसलेली गोष्ट. या सगळ्याचा उपयोग होतो, पण तो आच थोडी कमी करण्याइतकाच.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. बर्नआउट कामाभोवती असतो. मित्रांत, घरी, आवडत्या गाण्यात माणूस अजून हसतो. सगळ्यातलाच रस गेला, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली, जगणं नको वाटायला लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टरांची मदत लागते आणि ती लगेच घ्यावी. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. इतरांना हा क्रमांक देणाऱ्या कितीतरी समाजकार्यकर्त्यांना तो आपल्यासाठीही आहे हे सुचत नाही.

ती मुलगी आता एका जिल्ह्यात बालसंरक्षणाचं काम करते. तिच्या नोकरीत आयसी नाही. म्हणून तिने आणि आजूबाजूच्या तालुक्यांत काम करणाऱ्या जुन्या वर्गमैत्रिणींनी स्वतःच जीसी सुरू केली आहे. महिन्यातून एका रविवारी, एकीच्या घरी, पोहे आणि चहा. प्रत्येकीने एक अडलेलं काम सांगायचं आणि त्यातल्या माणसाचं वर्णन करायचं, केस नंबर सांगायचा नाही. गेल्या महिन्यात सात जणी होत्या. पुढच्या वेळी मलाही बोलावलं आहे. पाट कमी पडतील म्हणून सतरंजी घेऊन या म्हणाल्या.